सात मीटरच्या वरचं पाणी

बिरप्पा कोळेकर अजून जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे साध्या माणसावर कोणी लिहायला बसलं की तो वारला असणार असं लोक धरून चालतात. सोलापूरपासून एसटीने सव्वा तासावर, सीनेकाठच्या हुलगेवाडीत तो राहतो. वय विचारलं तर सत्तरीच्या अलीकडे सांगतो. मी महेश्वर, नद्यांचं पाणी मोजणाऱ्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकून होतो. बिरप्पा मला साहेब म्हणतो. मी साहेब कधीच नव्हतो, पण त्याला तसं कधी सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

हुलगेवाडीच्या पुलाच्या खांबाला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. पांढऱ्यावर काळ्या रेघा, खालून वर शून्य ते सात मीटर. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला पुलावर जायचं, पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं आणि पत्रकात लिहायचं. पूर आला तर तासातासाला. उन्हाळ्यात सीनेत पाण्याऐवजी वेड्या बाभळी असतात, तेव्हाही जायचं आणि शून्य लिहायचं. बिरप्पाने हे एकतीस वर्षं केलं, रोजंदारीवर, म्हणजे त्याला रजाही नव्हती आणि निवृत्तीही नव्हती. मुलाला हळद लागत होती तेव्हा हा बाराचं पाणी बघायला मांडवातून उठून गेला. नदीत तेव्हा गुडघाभरही पाणी नव्हतं. मी हा किस्सा कचेरीत चहाच्या वेळी बरीच वर्षं रंगवून सांगत होतो.

त्याची बायको केराबाई तोंडाची फटकळ. मी पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा तिने माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं, "नदी काय तुमची सासू हाय व्हय, रोज तीनदा पाया पडायला जाताय?" बिरप्पा हसला आणि बाराची वेळ झाली म्हणून निघाला. नोकरी लागण्याआधी तो मेंढरं राखायचा. भावांत वाटण्या झाल्या तेव्हा कळप भावाकडे गेला आणि ही नोकरी त्याच्या वाट्याला आली. शिक्षण चौथी. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी त्याला पुलावर उभं करून एकच धडा दिला होता: डोळ्याला दिसेल तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. बिरप्पाने तो धडा गंडा बांधावा तसा अंगावर बांधून घेतला.

आता त्या पुराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात सीना अशी फुगली की सकाळी दहाला पट्टीची शेवटची रेघ, सात मीटरची, पाण्याखाली गेली. बिरप्पा जागचा हलला नाही. तासातासाला तो लिहीत राहिला: सात, सात, सात. सलग एक्केचाळीस तास त्याने सात लिहिलं, कारण त्याच्या वर पट्टीच नव्हती आणि मनाचं काही घालायचं नव्हतं. मात्र पाणी ओसरल्यावर त्याने शेऱ्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: "पट्टी बुडाली. पानी बिरोबाच्या दुसऱ्या पायरीला टेकलं. वर किती ते दिसंना."

बिरोबाचं देऊळ चढणीवर आहे. त्याच्या वर माळ आणि माळावर धनगरांची वस्ती. देवळाच्या खाली, रस्त्यापर्यंत, बरड रान. त्या वस्तीत एक रीत होती. मेंढरांचा वाडा पायरीच्या खाली घालायचा नाही. कोणी नवा धनगर बाहेरून कळप घेऊन आला तर त्याला पाणी विचारायच्या आधी हे सांगायचे. कारण कोणी सांगत नसे, कारण सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. बिरप्पाचा शेरा म्हणजे ती रीत सरकारी कागदावर पहिल्यांदा उतरली होती.

महिनाअखेर तो पत्रकं घेऊन सोलापूरला आला. मी शेरा वाचला आणि साहेबांपुढे नेला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि पडवीकडे बघितलं. सात ते दहा मीटरच्या वरच्या पट्ट्या आदल्या वर्षीच येऊन पडवीत पडल्या होत्या, त्यांच्यावर आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो. हा शेरा पुण्याच्या वरच्या कचेरीत गेला असता तर पट्ट्या अजून का लावल्या नाहीत, असा खुलासा मागवला असता. साहेब म्हणाले, "गोषवाऱ्यात शेऱ्याला जागा कुठे असते?" जागा असते. पण मी समजलो. गोषवारा मी तयार करायचो, त्यात एक्केचाळीस वेळा सात लिहिलं आणि शेरा गाळला. दोन मिनिटांचं काम होतं. पट्ट्या पुढे भंगारात गेल्या. मूळ पत्रकं दहा वर्षांनी नियमाप्रमाणे जाळली, जाळायलाही मीच होतो. बिरप्पाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, आपण लिहिलं म्हणजे ते सरकारला कळलं.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं सीनेने कोणाला त्रास दिला नाही. उलट बहुतेक वर्षी टँकरच चालायचे. मग वीरभद्रप्पा अण्णांनी पायरीखालचं ते बरड रान विकत घेतलं. अण्णा जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. तिथे त्यांनी शंभर घरांची वसाहत आखली, सरकारी घरकुलं त्यातच बसवायची ठरवली आणि फलकावर सीनानगर असं नाव टाकलं. बिरप्पाचा मुलगा बिरुदेव सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. त्याचं नाव पहिल्या यादीत लागलं.

घरात भांडण सुरू झालं. मी त्या काळात दोनदा तिकडे गेलो होतो, म्हणून ते माझ्या कानावर पडलं. बिरुदेव म्हणायचा, "आबा, किती दिस पत्र्याखाली काढायचं? आपली पोरगी ऋतुजा आठवीला गेली. तिला अब्यासाला खोली पायजे." बिरप्पाचं उत्तर ठरलेलं. "पायरीच्या खाली न्हाय. तितं आमी मेंढरू बांदत न्हाय, माणसं कशी ठिवायची?"

केराबाईचे गुडघे गेले होते. माळावर नळ नव्हता, हंडा घेऊन चढ चढावा लागायचा. स्लॅबच्या घरात, दारात नळ असलेल्या घरात चार दिवस काढावेत एवढी एकच इच्छा तिने उभ्या जन्मात बोलून दाखवली होती. पण ती म्हणाली, "ह्यांनी पाणी बगितलंय. हे न्हाय म्हनत्यात तवर मी माळ सोडणार न्हाय." नवऱ्याची चेष्टा करायची ती जगासमोर, पाण्याच्या बाबतीत मात्र त्याच्या शब्दाबाहेर ती नव्हती. तेव्हा बिरप्पा हो म्हणतो की नाही, एवढ्यावर त्या बाईचं राहणं अडलं होतं.

मध्येच सरकारच्या एका नव्या नियमाचा मसुदा आला. मुळात तो समुद्रकाठच्या बांधकामांचा नियम होता. पुढच्या पन्नास वर्षांत समुद्र किती चढेल याचा शास्त्रज्ञांचा अंदाज धरून रेषा आखायची आणि रेषेच्या आत घरं बांधू द्यायची नाहीत. मुंबईत त्यावर रणकंदन चालू असताना कोणीतरी त्यात एक कलम घातलं की नद्यांच्या पूररेषाही अशाच, पुढच्या पावसाचा अंदाज धरून आखाव्यात. मग जिल्ह्याजिल्ह्यात लोकांची मतं मागवली. सोलापुरात एका सभागृहात सुनावणी ठेवली. कचेरीतर्फे जुनं दप्तर घेऊन मला पाठवलं. निवृत्तीला माझे तीन महिने राहिले होते.

सभागृह भरलेलं होतं. पुण्याच्या एका संस्थेतून रुपाली नावाची तरुण संशोधक आली होती. तिने पडद्यावर नकाशे दाखवले आणि साध्या भाषेत सांगितलं. हवा तापते आहे, तापलेली हवा जास्त पाणी धरते, त्यामुळे वर्षाचा पाऊस चार दिवसांत पडायचे प्रसंग वाढणार. आणि जिथे एरवी पाऊस नसतो तिथे नाले बुजलेले असतात, लोक निर्धास्त असतात, तिथेच माणसं जास्त मरणार. हुलगेवाडीची रेषा तिच्या नकाशात बिरोबाच्या देवळावरून जात होती. शंभराच्या शंभर घरं रेषेच्या आत.

वीरभद्रप्पा अण्णा उठले. "बाई, आमच्यापासनं समुद्र किती लांब हाय ते मला म्हाईत न्हाय, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी तो बघितलेला न्हाय," ते म्हणाले. "भर पावसाळ्यात टँकर लागतोय आमाला, आन तुमी आमाला बुडायची भीती घालताय. उद्याच्या पाण्यासाठी गरिबाचं आजचं घर पाडायचं, ह्याला शास्त्र म्हनायचं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या, कारण बोलणं चांगलं होतं.

मग विरोधी पक्षाचे नागप्पा उठले आणि तावातावाने शास्त्राच्या बाजूने बोलले. वसुंधरा, पुढची पिढी, नद्यांचा श्वास, सगळं झालं. नागप्पांची बारा एकर माळावर होती आणि खाली घरं मना झाली तर ती सोन्याच्या भावाने जाणार होती, म्हणून त्यांना शास्त्र पटलं होतं. जमीन खाली असती तर त्यांनी अण्णांचंच भाषण केलं असतं, फक्त अधिक लांब. दोन तास हे चाललं. एकाने विचारलं, संगणकाला सीना कुठून वाहते ते माहीत आहे का. दुसऱ्याने विचारलं, हे शास्त्रज्ञ उद्याचा पाऊस नीट सांगू शकत नाहीत, ते पन्नास वर्षांनंतरचा काय सांगणार. रुपाली प्रत्येकाला उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तराला सभागृह आणखी वैतागत होतं. लोकांना उत्तर नकोच होतं, त्यांना घरं हवी होती, आणि त्यात त्यांचं काय चुकलं हे मला अजूनही सांगता येत नाही.

शेवटी अण्णांनी दुरुस्ती सुचवली: अंदाजाचं पाणी धरू नये, रेषा फक्त प्रत्यक्ष मोजून नोंदलेल्या पाण्यावर आखावी. "आमच्याकडं मोजणारा माणूस हाय," ते म्हणाले. "एकतीस वर्सं. एक दिस खाडा न्हाय." आणि त्यांनी बिरप्पाला व्यासपीठावर आणलं.

गाडी पाठवून त्याला आणला होता. फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. एकतीस वर्षांत त्याचा हा पहिला सत्कार. बिरप्पा लाजून नारळ या हातातून त्या हातात करत होता. माझ्या दप्तरातून आकडा वाचला गेला: आजवरचं सर्वांत जास्त पाणी, सात मीटर. सात मीटरची रेषा सीनानगरच्या खालून जात होती. टाळ्या झाल्या.

रुपालीने हात वर केला. तिने दप्तराची नक्कल आधीच वाचून ठेवली होती. "एक्केचाळीस तास पाणी बरोबर सातवर आहे," ती म्हणाली. "नदी अशी एका रेघेवर उभी राहत नाही. बाबा, तेव्हा पट्टी बुडाली होती का?"

बिरप्पाने अण्णांकडे बघितलं नाही. तो सरळ बोलला. "बुडाली हुती की. पाणी बिरोबाच्या दुसऱ्या पायरीला हुतं. म्या लिवलंय तसं."

सभागृहात कुजबुज झाली. समोरच्या रांगेत बिरुदेव बसला होता, त्याने मान खाली घातली. अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज तसाच गोड होता. "सायेब, दप्तर तुमच्याकडं हाय. असा शेरा हाय का त्यात?"

"दप्तरात नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

"म्हंजी ह्यानं लिवलंच नव्हतं. असंच ना?"

इथे मला थांबता आलं असतं. मूळ कागद आता नाही, सांगता येत नाही, एवढं म्हणून सुटता आलं असतं. मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी काही दिलंही नव्हतं. दिलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. फक्त तीन महिने राहिले होते, आणि शेरा गाळणाऱ्याची सही गोषवाऱ्याखाली होती. मी म्हणालो, "हो. लिहिलं नव्हतं."

बिरप्पाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. तो आठवून बघत होता. कपाळाला आठ्या घालून, चोवीस वर्षं मागे जाऊन, तो पेन, ते पत्रक, तो रकाना शोधत होता आणि माझा शब्द मध्ये आडवा पडला होता. मग तो हळूच म्हणाला, "सायेब म्हनत्यात तर नसंल लिवलं. लई दिस झालं." कोणीतरी मागून म्हणालं की म्हाताऱ्याचं वय झालं, आणि सभागृह हसलं. शाल त्याच्या खांद्यावरून घसरली ती अण्णांनी स्वतःच्या हाताने नीट केली.

हुलगेवाडीची रेषा सात मीटरवर आखली गेली. रुपालीने निषेधाचं एक पत्र दिलं, ते आवक वहीत नोंदवून घेतलं.

चार महिन्यांनी मला सीनानगरातून वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो आणि कोणी बोलावलं की जात होतो. नवी पेठेतून बिरप्पासाठी धोतरजोडी आणि केराबाईसाठी इरकल घेऊन गेलो. घर दोन खोल्यांचं, गुलाबी रंगाचं, दाराला आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या. ऋतुजाच्या खोलीत टेबल होतं. केराबाईने नळ सोडून मला दाखवला, पाणी हातावर घेऊन परत दाखवला. मी विचारलं, बिरप्पा तयार कसा झाला.

"सोताच म्हनले," तिने सांगितलं. "सोलापुरासनं आले, दोन दिस जेवले न्हाईत. मग म्हनले, केरा, माजंच चुकलं दिसतंय. म्या लिवलं म्हनून समजत हुतो, पर लिवलंच न्हवतं. मग पायरीला पाणी आलतं का न्हाय, ते तरी मला काय ठावं. डोस्क्यातच घिऊन बसलो आसंल. जा तू पोराकडं." ती हसली. "चोवीस वर्सं पाण्याचं भ्या घातलं हो मला ह्या माणसानं."

मी पुरणपोळी खाल्ली. दुसरीही घेतली. बिरप्पा ओसरीवर बसला होता आणि पाच वाजायच्या आत उठून पुलाकडे गेला.

पुढच्या सप्टेंबरात पाऊस आला. आमच्याकडे तेव्हा साधा चिखलही झाला नव्हता, वर अहिल्यानगर-धाराशिवच्या बाजूला पडत होता, वर्षभराचा चार दिवसांत. बिरप्पा पहाटेपासून पुलावर होता. त्या दिवशीचं मला त्याने आणि बिरुदेवने जे सांगितलं तेच इथे लिहितो, मी तिथे नव्हतो. आठला पाणी पाच मीटर, नऊला साडेसहा. साडेनऊच्या सुमारास पट्टी बुडाली. त्याने कचेरीत फोन लावला आणि सांगितलं की पट्टी बुडाली. माझ्या जागेवर आलेल्या नव्या माणसाने विचारलं, "आकडा सांगा." बिरप्पा म्हणाला, "आकडा न्हाय, पट्टीच बुडाली." नवा माणूस म्हणाला, "मग सात लिहितो. जागा सोडू नका, तासातासाला कळवा."

मग बिरप्पाने घरी फोन लावला. बिरुदेव कारखान्यात होता, सून माहेरी गेली होती, ऋतुजा वर गावातल्या शाळेत. केराबाई एकटीच होती, भाकऱ्या थापत होती. तो म्हणाला, वर बिरोबाकडं जा. ती म्हणाली, सरकारनं रेषा आखलीय, ती काय उगंच आखलीय का, आणि गुडघे धरलेत, चढ चढवत नाही, तव्यावरची भाकरी होऊ दे. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा ती बोलली ती तिची नेहमीची चेष्टा होती. "पुन्यांदा तेच भ्या घालताय व्हय? तुमीच म्हनला न्हवं, म्या लिवलंच न्हवतं म्हनून." आणि फोन ठेवला.

बिरप्पा तिसऱ्यांदा फोन करणार होता. पण स्वतःच्या शब्दावर त्याचा भरवसा उरला नव्हता. बायकोला उगाच पळवलं आणि पाणी आलंच नाही तर वस्ती हसेल, असं त्याला वाटलं. पुलावरून वसाहत दिसत नाही, मध्ये चिंचेची झाडं आहेत. तो दहाच्या नोंदीसाठी थांबला आणि अकराच्याही. पाणी नदीकडून आलं नाही, मागच्या बुजवलेल्या नाल्याने उलटं फिरून आलं, त्यामुळे आधी घरामागून शिरलं. दोन गल्ल्यांतली माणसं समोरच्या दारांनी धावत देवळाकडे गेली. केराबाईला धावता येत नव्हतं. पाणी बाहेरून दाबत होतं आणि लोखंडी जाळीचं दार बाहेर उघडणारं होतं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, स्वयंपाकाच्या ओट्यावर. तसले गुडघे घेऊन ती तिथपर्यंत कशी चढली कोणाला कळलं नाही. भिंतीवरची चिखलाची रेघ ओट्याच्या वर पुरुषभर होती. पाणी बिरोबाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलं होतं. त्या वसाहतीत तिच्याखेरीज आणखी दोघं गेले, एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा आणि एक बाळंतीण.

अण्णा आले आणि रडले. मला वाटतं खरंच रडले. नागप्पाही आले, दोघं एकाच पलंगावर बसून चहा प्यायले आणि निसर्गापुढे माणसाचं काही चालत नाही यावर त्यांचं एकमत झालं. पंचनाम्यात पूर हा शब्द नाही. वसाहत पूररेषेच्या बाहेर आहे, तिथे पूर येऊ शकत नाही, म्हणून "अतिवृष्टीमुळे नाल्याचे पाणी शिरून" असं लिहिलं. कचेरीच्या नोंदीत सलग एकोणतीस तास सात मीटर आहे. नवा नियमही अण्णांच्या दुरुस्तीसह मंजूर झाला, रेषा मोजलेल्या पाण्यावरच आखायची. घरं धुऊन, रंग देऊन लोक परत राहायला गेले. बिरुदेवही गेला, त्याला दुसरं घर कुठे होतं.

पंधरा दिवसांनी मी हुलगेवाडीला गेलो. बिरप्पा माळावरच्या जुन्या पत्र्याच्या घरात एकटा होता, ऋतुजा शाळा सुटली की त्याच्याकडे येऊन बसायची. त्याने मला खाली घोंगडं टाकून दिलं. बराच वेळ तो भावाच्या मेंढरांबद्दल बोलला, पायलाग झालाय म्हणाला. ऋतुजाने चहा आणला. ती आत गेल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"सायेब, दिसरात एकच इचार येतोय," तो म्हणाला. "कदी कदी मला सोच्छ दिसतंय. पत्रक दिसतंय, पेन दिसतोय, दुसरी पायरी ह्ये सबूद लिवताना पेन अडाकला हुता ते बी दिसतंय. मग वाटतंय, न्हाय, सायेब म्हनले न्हवतं म्हनून. म्या लिवलं आसतं तर रेषा वर गेली आसती. रेषा वर गेली आसती तर ती माळ सोडून गेली नसती." तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी व्यासपीठावरून बघितलं होतं तसाच. "तुमी खरं सांगा. म्या लिवलं न्हवतं न्हवं?"

निवृत्तीवेतन सुरू झालं होतं. माझं आता कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. तो पेन कुठे अडकला होता ते मला माहीत होतं, त्या शब्दावर शाई पसरली होती आणि ती मी वाचली होती. मी सांगितलं असतं तर तो निदान स्वतःच्या बायकोच्या मरणातून सुटला असता, आणि मी अडकलो असतो.

"नव्हतं, बिरप्पा," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. "मग म्याच मारली तिला," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या रिकाम्या कपाकडे गेलं आणि त्याने ऋतुजाला हाक मारून साहेबांसाठी आणखी चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायलो.